सात दिवसांच्या गोळ्या

शनिवारी दुपारी दीड वाजता मशीननं नमुना क्रमांक ६१४ वाचून संपवला आणि पडद्यावर पिवळ्या पट्टीत एक ओळ उमटली : ‘हा प्रकार आधी नोंदलेला आहे. जुळणी, नमुना ०३७.’

तेजश्री मगदूमनं ती ओळ पुन्हा वाचली. सहाशे चौदा कोणाचा, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. मिरजेच्या त्या संशोधन केंद्रात नमुन्यांवर नावं लिहीत नसत. पण सदतीस कोणाचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सदतीस तिचा स्वतःचा होता. दहा वर्षांपूर्वीचा, २०३३ सालचा, शीतपेटीत तसाच पडून असलेला.

तिनं सहाशे चौदाची माहिती उघडली. वय तीस. गर्भाचा अठरावा आठवडा. याआधी एक गर्भ एकोणिसाव्या आठवड्यात गेलेला. गाव जयसिंगपूर.

तिनं पडदा बंद केला. पुन्हा उघडला. गाव जयसिंगपूरच होतं.

तेजश्री त्या केंद्रात आठ वर्षं तंत्रज्ञ होती. केंद्राच्या प्रमुख डॉ. नसरीन मुजावर. त्यांनी सगळी हयात एकाच प्रश्नाला दिली होती. काही बायकांचं पोट पाचव्या महिन्यात, काही कारण दिसत नसताना, का रिकामं होतं? उत्तर सापडलं ते फार छोट्या जागी. जिवाणू नुसता बसून राहत नाही. आपल्याच आवरणाचा तो एक बारीक फुगा काढतो, त्यात काही प्रथिनं, काही विषं, आपल्या जनुकांचे काही तुकडे भरतो आणि सोडून देतो. पुस्तकात त्याला पुटिका म्हणतात. डॉक्टर ‘पुड्या’ म्हणायच्या, म्हणून सगळं केंद्र पुड्या म्हणायचं. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी एक पुडी. जिथं जिवाणूला शिरता येत नाही तिथं ती सहज झिरपते.

योनीमार्गात राहणारे भल्या जातीचे जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, अशा पुड्या पाठवून तिथल्या पेशींना शांत ठेवतात, आगंतुकांना जागा देत नाहीत. पण गार्डनरेला नावाच्या जिवाणूचा एखादा वाईट प्रकार तिथं वस्तीला आला की त्याच्या पुड्यांत भोकं पाडणारं विष असतं. या पुड्या गर्भाशयाच्या तोंडातून वर सरकतात, गर्भजलाच्या पिशवीला भिडतात आणि तिची वीण उसवत नेतात. जिवाणू खालीच राहतो, तोही थोडका, नेहमीच्या तपासणीत दुर्लक्ष होईल इतका. पिशवी फुटते वरती. गेल्या दोन वर्षांत केंद्रात आलेलं मशीन जिवाणूंऐवजी त्यांच्या पुड्याच वाचायचं आणि त्या नेमक्या कुठल्या प्रकारानं सोडल्या ते सांगायचं. प्रत्येक प्रकाराची ओळख माणसाच्या बोटाच्या ठशासारखी, एकाची दुसऱ्याला न जुळणारी.

जयसिंगपूरच्या तीस वर्षांच्या बाईत आणि तेजश्रीत तोच ठसा जुळला होता. तो एकीकडून दुसरीकडे जायला वाट एकच होती, आणि त्या वाटेचं नाव सन्मती चौगुले.

जयसिंगपूरचा सन्मती एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होता. लग्न झालं तेव्हा तेजश्री पंचवीस वर्षांची. दोन वर्षांनी पहिला गर्भ विसाव्या आठवड्यात गेला. दुसरा एकोणिसाव्या. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला, तेजश्री दोन महिने पाठ टेकून पडून राहिली, तरी एकविसाव्या आठवड्यात सगळं सुटलं. मुलगा होता. अकरा मिनिटं जगला. सन्मतीनं त्याला हातरुमालावर घेतलं होतं, कारण टॉवेल फार मोठा होत होता.

प्रत्येक वेळी सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, दोघांची गुणसूत्रं. डॉक्टर मुजावरांच्या अभ्यासासाठीही दर वेळी तिचे नमुने घेतले गेले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, सगळं नॉर्मल आहे. तेजश्री प्रयोगशाळेत काम करणारी बाई. सगळं नॉर्मल असेल आणि तरी घडत असेल, तर उरलेली एकच गोष्ट बिघडलेली असणार, ती म्हणजे आपण, हा हिशेब तिनं स्वतःच मांडला. तिला कोणी बोललं नव्हतं. सन्मतीची आई, आक्का, तिच्या डोक्याला तेल लावून द्यायची आणि गप्प बसायची. त्या गप्प बसण्याचंच तेजश्रीला ओझं व्हायचं.

“तू दुसरं लग्न कर,” ती सन्मतीला म्हणाली.

“मला मूल नको, तू हवीस,” तो म्हणाला. पहिल्या वर्षी तो हे कितीदा तरी म्हणाला. दुसऱ्या वर्षी एकदाच. मग म्हणायचा थांबला. २०३४ सालच्या दिवाळीनंतर ती दोन पिशव्या घेऊन मिरजेला आईकडे आली ती परत गेली नाही. घटस्फोटाच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या त्या दिवशी सन्मती कोर्टाबाहेर तिच्यासाठी उसाचा रस घेऊन आला होता. दोघांनी उभ्यानं पिऊन संपवला. चार वर्षांपूर्वी त्यानं श्रावणीशी लग्न केलं.

पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक बटण होतं, ‘डॉक्टरांना पाठवा’. तेजश्रीनं त्याच्यावर बोट नेलं आणि मागे घेतलं. तिच्या मनात त्या क्षणी जे आलं ते तिनं पुढे कोणालाही सांगितलं नाही. ते इतकंच होतं, की माझी तीन गेली तेव्हा कुणाचं मशीन धावून आलं होतं?

तिनं मशीन बंद केलं आणि घरी गेली.

रविवारी तिची आई परातीत पावटे सोलत बसली होती. “कालपासून नीट जेवली नाहीस,” आई म्हणाली. “काय झालंय?” “काही नाही.” तेजश्री तिच्यासमोर बसून पावटे सोलू लागली. अठरावा आठवडा, तिच्या डोक्यात चाललं होतं. आज अठरा आठवडे चार दिवस. उद्या पाच. श्रावणीला तिनं एकदाच पाहिलं होतं, सांगलीत कुणाच्या लग्नात, लांबून. भात वाढताना पदर सारखा सावरत होती. तिचा राग करायला तेजश्रीकडे तेवढाच ऐवज होता, आणि तो काही पुरेना.

सोमवारी सकाळी ती डॉक्टर मुजावरांच्या खोलीत गेली आणि अहवाल समोर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला.

“हा शनिवारी दीड वाजता आलाय, तेजश्री.”

“हो, मॅडम.”

तेजश्रीनं मान खाली घातली. मग डॉक्टर उठल्या, तिच्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

“तुला कळलंय ना, हे काय आहे?”

“सन्मतीकडून आलंय. मला पण, तिला पण.”

“पहिला कोण, ते कुणालाच कळणार नाही. तुझ्याकडून त्याच्याकडे गेला असेल, त्याच्याकडून तुझ्याकडे आला असेल. पुरुषाला काही होत नाही, साधी खाजसुद्धा येत नाही. पण तो मुक्काम करून राहतो.” त्यांनी पडद्यावर तेजश्रीचे जुने नमुने एकाखाली एक लावले. “हे बघ. दुसरं बाळ गेल्यावर तू दोन महिने आईकडे होतीस. तेव्हाचा हा नमुना. वाईट प्रकार निम्म्यावर आलाय आणि तुझा लॅक्टोबॅसिलस वाढतोय. तू जयसिंगपूरला परत गेलीस, तो परत वर. तिसऱ्यानंतर पुन्हा तसंच. तुझं शरीर प्रत्येक वेळी त्याला हटवत होतं, तेजश्री. आणि प्रत्येक वेळी तो परत येत होता.”

“काय करायला हवं होतं?”

“तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.”

“आता माहीत आहे ना? काय करायला हवं होतं?”

डॉक्टरांनी खिडकीकडे बघितलं. “दोघांना एकाच वेळी औषध. तुला आणि त्याला. सात दिवसांच्या गोळ्या.”

तेजश्रीनं मान हलवली, एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाला पत्ता सांगितल्यावर तो हलवतो तशी. सात दिवस. ती मनातल्या मनात आठवड्याचे वार मोजत होती, सोमवार, मंगळवार, आणि गुरुवारच्या पुढे तिला जाताच येईना.

श्रावणीच्या बाबतीत नुसत्या गोळ्यांनी भागणार नव्हतं. जिवाणू मेला तरी आधी सुटलेल्या पुड्या आठवडा-दोन आठवडे काम करत राहतात, आणि तिच्या गर्भाशयाचं तोंड आखूड व्हायला लागलं होतं. भल्या जिवाणूच्या पुड्या बाहेरून द्यायला हव्या होत्या. केंद्राकडे साठा होता, पण त्या दिवशी प्रयोगाच्या काचेच्या बशीत सगळ्या जाती या प्रकाराविरुद्ध लावून पाहिल्या तर एकही टिकली नाही. मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी तेजश्रीला पुन्हा बोलावलं.

“एकाच जातीनं या प्रकाराला आजवर हरवलंय,” त्या म्हणाल्या. “ती तुझ्यात आहे. ताजा नमुना मिळाला तर पाच दिवसांत वाढवून पुड्या काढता येतील. पण तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. मनापासून सांगते.”

“नाही म्हणून झालं माझं, मॅडम,” तेजश्री म्हणाली. “शनिवारी.”

तिनं कागदावर सही केली. दात्याचं नाव कुणाला कळवायचं नाही, असं त्या कागदावर तिसऱ्या ओळीत होतं. ती ओळ तिनं बोटानं धरून दोनदा वाचली.

रविवारी श्रावणीला पहिला डोस मिळाला. सन्मतीला डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट हातात दिलं आणि कुणाकडून कुणाला हे विचारायचं नाही, दोघांनी मुकाट घ्यायच्या, असं बजावलं. पुढे दर आठवड्याला श्रावणी डोस घ्यायला येऊ लागली. सन्मती बाहेरच्या बाकावर बसायचा. काचेतून तेजश्री दिसली की अर्धवट उठायचा, मान लववायचा, पुन्हा बसायचा. केस कानाशी पांढरे झाले होते.

दुसऱ्याच आठवड्यात श्रावणी थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

“तुम्ही तेजश्रीताई ना? नाव वाचलं मी. बसू का जरा? चाललं की धाप लागते.”

तेजश्रीनं खुर्ची ओढून दिली. श्रावणीचा चेहरा गोल, भाबडा, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं.

“तुमचं दोघांचं काय झालं ते मी विचारायला आले नाही,” ती म्हणाली. “पण एक विचारू? पाचवा महिना लागला की हे घरात पाय वाजवत नाहीत. दारसुद्धा कडी धरून लावतात. काय झालं म्हटलं तर म्हणतात, कुठं काय. मला त्याचीच भीती वाटायला लागलीय. तुमच्या वेळी पण असंच करायचे का हो?”

तेजश्रीला ते पाऊल आठवलं. पहाटेच्या पाळीला जाताना चपला हातात घेऊन तो अनवाणी जिना उतरायचा. जणू आवाज झाला तर काहीतरी निसटेल.

“करायचा,” ती म्हणाली. “त्याला सांग, चप्पल घालून फिर. पुड्यांना आवाज ऐकू येत नाही.”

श्रावणी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. पदरानं पुसत ती म्हणाली, “ताई, ती जी बाई आहे, जिच्या पुड्या मला देतात. तिला कळवतात का, की तिच्यामुळं माझं टिकलंय म्हणून?”

“नाही कळवत.”

“कळायला पाहिजे. तिला असतील ना मुलं? दोन-तीन तरी असतील.”

तेजश्रीनं समोरच्या नळ्यांची जाळी उचलून दुसरीकडे ठेवली. मग परत पहिल्या जागी ठेवली.

“असतील,” ती म्हणाली.

एकोणिसावा आठवडा गेला. विसावा गेला. एकविसाव्या आठवड्यात तेजश्रीनं रजा टाकली आणि घरात पडून राहिली. आईला सांगितलं कणकण आहे. आठवडा संपल्यावर ती कामावर गेली तेव्हा सहाशे चौदाच्या नोंदीपुढे लिहिलं होतं, ‘वाईट प्रकाराच्या पुड्या आढळल्या नाहीत.’ तिला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं, आणि त्याच वेळी हा आठवडा आपल्याला कधीच ओलांडता आला नाही, हेही तिला बोचलं. दोन्ही खरं होतं.

अडतिसाव्या आठवड्यात श्रावणीला मुलगी झाली. पावणेतीन किलोची.

आठव्या दिवशी सकाळी सन्मती पेढ्यांचा पुडा घेऊन केंद्रात आला. एकटाच. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा होता, तिथं तेजश्री त्याला घेऊन गेली. नऊ वर्षांत ते दोघं असे शेजारी बसले नव्हते.

“श्रावणीनं पाठवलंय. म्हणाली, पहिला पेढा ताईंना.”

“कशी आहे?”

“बरी आहे. बाळ रात्रभर जागवतंय.” तो हसला, आणि हसल्याबद्दल जणू माफी मागावी तसा सावरून बसला. मग म्हणाला, “आक्का रोज तुझं नाव काढते. तुझे उपकार झाले, तेजू.”

“मशीनचे.”

“तेच म्हणतो मी. तुझ्या वेळी हे मशीन असतं तर,” तो खाली बघत, अगदी हळुवारपणे म्हणाला, “तुझ्यातला दोष पण सापडला असता बघ. काहीतरी साधंच निघालं असतं.”

त्याला न सांगायचं तिनं कधीच ठरवलं होतं. गेले पाच महिने दर आठवड्याला काचेतून त्याला बघून पुन्हा पुन्हा ठरवलं होतं. पण ‘दोष’ हा शब्द त्यानं इतक्या मायेनं उच्चारला, की नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो तिला सोसवला नाही.

“सापडलाय, सन्मती.”

“काय?”

“श्रावणीत जो होता तोच. तोच ठसा. माझ्या जुन्या नमुन्यांत आहे. तिन्ही वेळच्या.”

सन्मती आयुष्यभर गाड्यांच्या वेळा जुळवत आलेला माणूस. कुठली कुठून सुटली आणि कुठं येऊन मिळाली, हे समजायला त्याला कागद लागत नसे.

“म्हणजे माझ्यातून.”

“पहिला कोण ते कळत नाही. माझ्यातून तुझ्यात गेला असेल. पण मी आईकडे गेले की माझ्यातला कमी व्हायचा. परत आले की…”

“मी किती दिवस गोळ्या घेतल्या?”

“सात.”

“सात,” तो म्हणाला. त्यानं तळहाताकडे पाहिलं. “मी महिनाभर विष घेतलं असतं गं.”

“माहीत आहे मला.”

“तू दोन वर्षं माझ्या मागे लागली होतीस, दुसरं लग्न कर म्हणून.”

“हो.”

“आणि मी केलं.”

“मीच सांगितलं होतं.”

“मी ऐकायला नको होतं.” तो दोन्ही हातांत तोंड घालून बसला. त्याची पाठ हलत होती, पण आवाज नव्हता. तेजश्रीनं हात उचलला, आणि आता या पाठीवर आपला हात कुठल्या नात्यानं जाणार हे न कळून तो मांडीवर ठेवला.

तितक्यात त्याचा फोन वाजला. श्रावणीचा होता. बाळाला कावीळ वाटतेय, डॉक्टरांनी उन्हात धरायला सांगितलंय, येताना मऊ टोपरं आणा, लहान मापाचं, सगळं मोठंच होतंय. फोनमधला तो आवाज तेजश्रीलाही स्पष्ट ऐकू येत होता. सन्मती फक्त हो, हो, म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर तो उठला, पण त्याचं पाऊल उचलेना.

“हे घेऊन मी घरी कसा जाऊ, तेजू?”

“जा. तिला सांगू नकोस. तिचा यात काही संबंध नाही.”

“आणि मी?”

“तू सवय कर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मला पण लागली होती.”

पुड्या कोणाच्या होत्या, हे तिनं त्याला सांगितलं नाही. तेवढं एक तिनं स्वतःकडे ठेवलं. तो फाटकातून बाहेर पडला, रस्त्यापलीकडच्या लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात शिरला, बराच वेळ बाहेर आला नाही. ती उठून आत गेली. त्या दिवशीचे नऊ नमुने तिनं वाचले, नोंदले, पाठवले. जुळणी कुठलीच नव्हती.

तिला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. जे गेलं होतं ते होतं तिथंच होतं, फक्त आता त्याला कारण होतं, आणि ते इतकं किरकोळ होतं की त्याच्यावर रागावताही येत नव्हतं.

दुपारी ती लवकर घरी आली. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तेजश्री चपला न काढताच दारात उभी राहिली.

“आई, माझ्यात दोष नव्हता.”

आईचे हात परातीत थांबले. कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही.

“मी म्हटलं होतं का गं कधी?”

“नाही.”

“तिथं त्या घरात कुणी म्हटलं होतं? आक्का? सन्मती?”

“नाही. तेव्हा कुणीच नाही.”

“मग कोण म्हणत होतं?”

“मीच,” तेजश्री म्हणाली. “मीच म्हणत होते, आई. रोज.”

आईनं परात बाजूला सारली आणि कणकेच्या हातानंच तिला जवळ ओढून घेतलं.